पश्चिमेचा उतार

अपील मंडळानं अर्ज फेटाळला त्या दिवसापासून कुंदाची खालची दिशा पश्चिमेकडे कलू लागली.

सुरुवातीला ते इतकं थोडं होतं की तिला वाटलं, चप्पल एका बाजूनं झिजली असेल. खोलीत दाराकडून खिडकीकडे जाताना उतार लागायचा आणि परत येताना चढ. जमीन सपाटच होती. तिच्या नवऱ्यानं, सिद्रामनं, फरशीवर लिंबू ठेवून पाहिलं, ते जागचं हललं नाही. कुंदानं तेच लिंबू तळहातावर घेतलं तेव्हा ते खिडकीच्या बाजूला घरंगळलं आणि तिच्या बोटांवरून सुटल्याबरोबर नेहमीसारखं खाली पडलं. म्हणजे तिचं अंग, अंगावरचे कपडे आणि तिनं धरलेली वस्तू एवढंच तिच्या दिशेनं पडत होतं. तिच्या हातून सुटलेलं सगळं पुन्हा जगाचं होत होतं. कुंदा भौतिकशास्त्राची पदवीधर होती. असा नियम कुठल्या पुस्तकात नाही हे तिला माहीत होतं, पण नियम होता आणि तो एकदाही मोडला नाही, एवढी नोंद तिनं मनाशी केली.

"खिडकीकडं काय हाय?" सिद्रामनं विचारलं.

"पश्चिम."

"ती म्हाईत हाय गं. फुडं?"

"पुढं समुद्र. मग जमीन. मग पुन्हा समुद्र. मग आपला देश, आपला जिल्हा, आपलं गाव."

सिद्रामनं खिडकीचे गज हलवून पाहिले.

त्या बंदराच्या शहरात अशी माणसं नवी नव्हती. आसरा मागायला आलेल्यांपैकी ज्याचा अर्ज फेटाळला जाई तो आपापल्या देशाकडे कलू लागे. रस्त्यावर कुणी उत्तरेला वाकलेला दिसे, कुणी नैऋत्येला. फळवाले अशा माणसाला येताना पाहिलं की संत्र्यांच्या ढिगावर जाळी ओढून घेत आणि तो गेल्यावर काढत. त्यात राग नव्हता. कुंदाच्याच इमारतीत युसुफ नावाचा एक शिक्षक होता. त्याची खालची दिशा दोन भिंतींच्या मधल्या कोपऱ्यात गेली होती, तेव्हा तो जिन्याच्या कोपऱ्यात गादी उभी करून तिच्यावर झोपायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसून नमस्कार करायचा. एका दुपारी कुणीतरी हवेसाठी जिन्याची खिडकी उघडली. त्यानंतर युसुफ नव्हता. त्याच्या सपाता मात्र जमिनीवर नीट जोडीनं होत्या. तो कुठे गेला हे कुणी विचारलं नाही, कारण तो कुठे पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कुंदालाही आपण कुठे पडणार ते नेमकं ठाऊक होतं. तिनं आणि सिद्रामनं तालुक्याला जाऊन नोंदणी लग्न केलं होतं. जाती वेगळ्या. तिच्या जातपंचायतीनं दोघांना संपवायचं ठरवलं आणि ते काम तिच्या थोरल्या भावाकडे, मल्हारीकडे आलं. दोघं पुण्याला गेले, तिथे मल्हारी पोचला. बेळगावला गेले, तिथेही पोचला. मग सिद्रामच्या एका मित्रानं या शहराची तिकिटं काढून दिली. इकडे विमान उतरलं आणि तिकडे वडिलांनी कुंदाच्या नावानं आंघोळ केली. डोकं भादरलं, दहावं घातलं, तेराव्याला गाव जेवलं. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला: तिचा बारावीचा फोटो, फोटोला हार, वर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली शोकाकुल म्हणून मल्हारीचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.

मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला कुंदानं हेच पहिल्यांदा सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, याहून मोठा पुरावा कुठला? जित्या मुलीचं तेरावं घालणारी माणसं तिला जिती कशी ठेवतील? अधिकाऱ्यानं ते सगळं अदबीनं लिहून घेतलं. मंडळानंही त्यातल्या एकाही शब्दावर शंका घेतली नाही. निकालात लिहिलं होतं की अर्जदाराच्या कुटुंबानं तिचा मृत्यू स्वीकारला आहे, अंत्यविधी पूर्ण झाले आहेत, आणि जी व्यक्ती मेलेली आहे तिला मारण्याचं कारण कुटुंबाला उरत नाही. सबब पुढे धोका नाही.

सिद्रामच्या नावानं कुणीच आंघोळ केलेली नव्हती. त्यामुळे त्याच्याबद्दल विचार करायला मंडळाला वेळ लागत होता, आणि तोवर तो सरळ होता.

हे सरळ असणं त्याच्या मनाला फार लागायचं. संध्याकाळी कुंदा खिडकीखालच्या भिंतीवर पाठ टेकून तांदूळ निवडायची, म्हणजे तिच्या हिशेबानं ती जवळजवळ आडवी असायची आणि तो तिच्यासमोर उभा. बोलताना एकानं मान वाकडी करायची असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. एक दिवस ती, एक दिवस तो. कुंदा रडली तर पाणी गालावरून कानाकडे जायचं, कानाच्या पाळीवर थांबायचं, आणि तिथून सुटलं की सरळ फरशीवर पडायचं. सिद्राम ते बघत बसायचा.

"काय बघतोस?"

"न्हाई. थेंब कुठनं वळतोय ते बगतोय."

"प्रयोगशाळा आहे काय ही?"

"तूच म्हनतीस की, बगावं आन् लिवून ठेवावं."

ती हसली. तेव्हा तिचा पदर खिडकीच्या गजांतून बाहेर गेला आणि वारा नसताना तसाच ताठ राहिला.

वकीलबाई लाम तरुण होत्या आणि फार दमलेल्या दिसत. त्यांच्या कचेरीत दुभाषी म्हणून रेगेबाई येत. रेगेबाईंची हयात त्या शहरात गेली होती. यजमान बोटीवर होते तेव्हा त्या आल्या, यजमान गेले तरी राहिल्या.

"अगं, खुर्चीत नीट बस की," रेगेबाई आल्या आल्या म्हणाल्या. "त्यांना वाटायचं, आपल्याकडे बसायची रीतच नाही."

"मी बसतेय हो ताई. खुर्चीच मला सोडते."

रेगेबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःची पर्स तिच्या कमरेशी उशीसारखी लावली. लामबाई बोलू लागल्या आणि रेगेबाई त्यांच्या मागोमाग मराठीत सांगू लागल्या.

"त्या म्हणतायत, आता वरच्या कोर्टात जाता येईल. पण तुला मारतील की नाही, हे कोर्ट बघत नाही."

"मग काय बघतं?"

"मारणार नाहीत असं मंडळानं लिहिलंय ना? ते त्यांनी रीतसर विचार करून लिहिलं का, एवढंच बघतं."

"आणि रीतसर विचार करून चुकीचं लिहिलं असेल तर?"

रेगेबाईंनी प्रश्न पुढे दिला. लामबाईंचं पेन थांबलं. त्या अगदी थोडं बोलल्या.

"त्या म्हणतायत, तर मग ते रीतसर आहे."

कुंदानं पिशवीतून दोरा काढला. त्याला किल्ली बांधलेली होती. तिनं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं; किल्ली खाली लोंबण्याऐवजी आडवी, भिंतीच्या दिशेनं ताणून राहिली. "हे दाखवा कोर्टाला. मी पडतेय, हे यात दिसतं. धोका नसता तर मी कशाला पडले असते?"

लामबाई किल्लीकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. त्यांना ती दिसत होती यात शंका नाही.

"हे मंडळासमोर ठेवलं होतंस का, असं विचारतायत."

"मंडळानं नाही म्हटलं, तेव्हापासून तर हे सुरू झालं."

"म्हणजे मंडळासमोर नव्हतं," रेगेबाई म्हणाल्या आणि जरा थांबून पुटपुटल्या, "हे मी नाही हो बाळ, त्या म्हणतायत."

सुनावणीच्या दिवशी कुंदाची दिशा जमिनीला जवळजवळ समांतर झालेली होती. सिद्रामनं तिला नायलॉनच्या दोरीनं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि ज्या गल्ल्यांच्या पश्चिमेला भिंत असेल अशाच गल्ल्यांतून नेलं. ती भिंतींवरून चालली, खिडक्या ओलांडत, पाट्यांना धरत. एका ठिकाणी मोठा रस्ता सरळ बंदराकडे जात होता आणि तो ओलांडायलाच हवा होता. सिद्राम रस्त्यात उतरला, ओणवा झाला आणि रेटत चालू लागला. त्याच्या मागे दोरीच्या टोकाला कुंदा दांडीवरच्या कपड्यासारखी हवेत आडवी तरंगत होती. दोन बस थांबल्या. भोंगा कुणी वाजवला नाही.

न्यायालयाच्या दाराशी शिपायानं दोरी जमा करून घेतली. आत दोरी नेता येत नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच होता.

सिद्रामचीही तारीख त्याच दिवशी होती. मंडळ त्याच्या अर्जाचा निकालच लावत नाही अशी त्याची तक्रार होती आणि ती कुंदाच्या मागोमाग, त्याच दालनात पुकारली जाणार होती. दालनाच्या पश्चिमेला एक भलंमोठं दोन फळ्यांचं दार होतं. ते बंद होतं. कुंदाला त्या दाराच्या लाकडावर बसावं लागलं, कारण तिच्यासाठी तीच जमीन होती. पट्टेवाल्यानं तिला एक गादी आणून दिली. न्यायमूर्ती आत आले, सगळे उठले. कुंदाही उठली, दारावर उभी राहिली, आणि दालनातल्या सगळ्या माणसांना छेदून जाणारी एक आडवी रेघ झाली.

"अर्जदार नीट बसल्या आहेत का?" न्यायमूर्तींनी विचारलं. त्यांचा आवाज मायाळू होता.

"मिळेल तिथं बसल्या आहेत, माय लॉर्ड," लामबाई म्हणाल्या.

आधी तपासणी झाली. पट्टेवाल्यानं मंडळाच्या निकालाचे कागद टेबलावर ठेवले आणि त्यांच्यावर गवंड्याकडे असते तशी पाणसळ आडवी ठेवली. सगळे वाकून बघू लागले. काचेतला बुडबुडा थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला.

"निर्णय समतल आहे," सरकारी वकील म्हणाले.

"मला दिसतंय," न्यायमूर्ती म्हणाले. "तरी एक विचारतो. पुढे धोका नाही असं मंडळ म्हणतं, कारण विधी पूर्ण झाले. ते पूर्ण झाले हे कशावरून कळतं?"

सरकारी वकिलांनी कागद चाळले. त्यांना ते माहीत नव्हतं. लामबाईंनाही नव्हतं. मग न्यायमूर्तींनी रेगेबाईंकडे पाहिलं आणि आपल्याला नुसतं भाषांतर करायचं नाही हे ध्यानात आल्यावर रेगेबाईंनी पदर सारखा केला.

"पिंड ठेवतात, साहेब. त्याला कावळा शिवला की पूर्ण. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी एकेकानं पुढं होऊन बोलायचं असतं, की तुझं हे करू, ते करू. खरं बोलणाऱ्याचं ऐकून कावळा येतो."

"अर्जदारांच्या वेळी कावळा आला होता?"

लामबाई हळूच कुंदाकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. कावळा आलाच नसेल तर विधी अपुरा, विधी अपुरा असेल तर ही बाई जिवंत, आणि जिवंत असेल तर तिला मारता येतं.

"आला," कुंदा म्हणाली.

"लगेच?"

"नाही. आत्यानं फोनवर सांगितलं मला. सकाळपासून बाभळीवर बसून होता, खाली येईना. आबा, माझे वडील, म्हणाले, तुझ्यावर राग ठेवत नाही. आला नाही. आई म्हणाली, तुझ्या कपाटाला कुणाला हात लावू देणार नाही. आला नाही. चुलते बोलले, पाटील बोलले. ऊन चढलं. मग मल्हारीदादा पुढं झाला. हात जोडले आणि म्हणाला, तुझं जे राहिलंय ते मी पुरं करतो. तसा कावळा उतरला."

रेगेबाईंनी ते वाक्य न वाक्य पलीकडे नेलं.

"राहिलंय म्हणजे, काय राहिलं होतं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"मी," कुंदा म्हणाली.

लामबाई उठून उभ्या राहिल्या. "हाच पुढचा धोका, माय लॉर्ड. याहून स्पष्ट काय असेल? त्यांच्या रीतीप्रमाणे कावळा खोट्याला शिवत नाही."

"हे मंडळासमोर सांगितलं होतं?"

लामबाईंनी कुंदाकडे पाहिलं. कुंदानं नकारार्थी मान हलवली.

"का नाही?"

"कावळ्यापुढं बोललेलं घाटावरच ठेवायचं असतं, साहेब. दुसरीकडं बोलत नाहीत. आज तुम्ही विचारलंत म्हणून." आपण आपल्या आईसारखं बोलत असल्याचं तिला जाणवलं. इतकी शिकून, इतक्या लांब येऊन, अधिकाऱ्यापुढं सगळं सगळं सांगून तिनं एवढं एकच राखून ठेवलं होतं, आणि ते का, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "त्या माणसानं जे कबूल केलं ते तो करील, असंही मला वाटतं. पण मंडळाला हे माहीत नव्हतं. जे माहीतच नव्हतं त्याचा विचार केला नाही म्हणून मंडळ चुकलं, असं मला म्हणता येत नाही. मला तुमच्याकडे बघायची परवानगी नाही. मला त्या कागदाकडे बघायचं आहे."

"मग ती पाणसळ एकदा माझ्या हातात द्या."

सरकारी वकील उठले. न्यायमूर्तींनी त्यांना हातानं बसवलं. पट्टेवाल्यानं पाणसळ कुंदाला दिली. तिच्या हातात येताच काचेतला बुडबुडा निघाला, मधली खूण ओलांडून टोकाला गेला आणि बाहेर पडायची वाट शोधत असल्यासारखा तिथेच थरथरत राहिला. न्यायमूर्तींनी तो पाहिला. दालनातल्या प्रत्येकानं पाहिला.

"नोंद घेऊ नये," न्यायमूर्ती कारकुनाला म्हणाले. मग ते उरलेलं वाचू लागले आणि रेगेबाई त्यांच्यामागून सांगू लागल्या. "अर्जदाराच्या हालअपेष्टांची न्यायालयाला जाणीव आहे. मंडळाच्या निर्णयात कायद्याची चूक आढळत नाही. फेरतपासणीची परवानगी नाकारण्यात येते. खर्चाबाबत आदेश नाही."

शेवटच्या वाक्याला जमिनीकडचा उरलेला कलही गेला. आता पश्चिम कुंदाच्या पायांखाली बरोबर सरळ होती.

"पुढच्या प्रकरणाआधी दालन हवेशीर करण्यात येईल," रेगेबाई म्हणाल्या. त्या भाषांतरच करत होत्या. मग त्यांना कळलं, आपण काय म्हणालो ते. "अरे, नको! दार नको! ती दारावरच आहे!"

पण हे त्या मराठीत म्हणाल्या, आणि शिपायांनी रोजच्यासारख्या दोन्ही कड्या काढल्या.

गादी आधी गेली. कुंदाच्या अंगाखालून निसटताच ती पायऱ्यांवर पडली आणि तिथेच राहिली. कुंदाचा एक हात चौकटीला घासत गेला. सिद्राम बाकांवरून उड्या मारत आला, उंबऱ्यावर पालथा पडला आणि त्यानं तिची दोन्ही मनगटं धरली. त्याचे खांदे ताडकन वाजले. ती त्याच्या हातांना लटकली, आडवी, दाराच्या बाहेर, शहराच्या वर.

तिनं खाली पाहिलं. इमारती तिच्या दोन्ही बाजूंनी विहिरीच्या कडांसारख्या खोल गेल्या होत्या. त्यांच्या खाली बंदर, बंदराच्या खाली समुद्र उभ्या भिंतीसारखा, त्याच्या खाली जमीन, डोंगर, पुन्हा पाणी, मग ओळखीचा तांबूस रंग. अगदी तळाला उन्हात माणसं गोल करून उभी होती. सगळ्यांचे चेहरे वर होते. विहिरीत गेलेली बादली वर येते का बघत काठावर उभं राहतात तशी. फक्त इथे काठ तळाला होता. पुढे मल्हारी होता. त्यानं दोन्ही हात पसरले होते, झेलायला पसरतात तसे.

"सिद्राम."

"गप. बोलू नगंस. दम लागतो."

आत कारकुनानं पुढचं प्रकरण पुकारलं. नाव सिद्रामचं होतं. अर्जदार हजर असल्यास त्यानं उजवा हात वर करावा.

"हाय की! हजर हाय!" सिद्राम जमिनीवर तोंड दाबून ओरडला.

"आवाज चालत नाही म्हणतोय," रेगेबाई त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या शर्टाची मूठ धरली होती. "हात दिसायला पाहिजे म्हणतोय. तीन वेळा पुकारणार. नाहीतर अर्ज निकाली निघेल रे. मग तूपण..."

"तुमी करा की वर!"

"मी केला. माझा नको म्हणतात."

"सिद्राम, एका हातानं धर," कुंदा म्हणाली.

"एका हातानं पेलत न्हाईस तू."

"जाड झाले म्हण."

त्याला हसू आलं आणि त्या हसण्यानं त्याची पकड बोटभर सरकली. त्यानं पुन्हा आवळून धरलं. त्याच्या कपाळावरचा घाम उंबऱ्यावर सरळ खाली पडत होता. तो अजून सरळ होता.

कारकुनानं दुसऱ्यांदा पुकारलं.

"कर वर," कुंदा म्हणाली. "कर, मी सांगतेय."

"गप गं."

कारकुनानं घसा साफ केला. तळाशी, खूप खाली, उन्हात उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघून थोडी थोडी मागं सरकली आणि त्यांनी आपला गोल आणखी एक माणूस मावेल एवढा मोठा केला.